आधी काठ, मग पोहणं: वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे पोहण्याची पत्रं येऊ लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, पोराला पोहायला कधी घालू? पाय घसरून पाण्यात पडलं तर ते पोर काय करेल, हे फारसं कुणी विचारत नाही. यंदाची उत्तरं या न विचारलेल्या प्रश्नाला धरून दिली आहेत.

मुलगी अडीच वर्षांची आहे. जवळच्या पूलवर सांगतात, सहा आठवड्यांत 'वॉटर सेफ' करून देऊ. घालू का? – एक आई, पुणे

घाला, पण 'वॉटर सेफ' या शब्दावर विसंबू नका. त्या वयाचं मूल कितीही शिकलं तरी पाण्यापाशी एकटं सोडण्याजोगं होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षापुढच्या मुलांना शिकवायला हरकत नाही म्हणते. वर्षाखालच्या बाळांना शिकवल्याने बुडण्याचा धोका घटतो याला पुरावा नाही, हेही तीच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा भर सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहणं शिकवण्यावर आहे, त्याहून लहानांसाठी मोठ्यांची नजर आणि मधे कुंपण. या दोन्हींचा मेळ घातला तर अडीच वर्षांचा क्लास म्हणजे सवय लावणं, एवढंच समजा.

या वयात लागण्याजोग्या सवयी तीनच. काठ घट्ट धरणं, तोंड पाण्यात गेलं की श्वास थांबवणं आणि 'चल' म्हटल्याशिवाय पाण्यात न उतरणं. आम्हाला विचाराल तर तिसरी सवय पहिल्या दोन्हींपेक्षा मोलाची. रोज काठावर मांडी घालून बसायचं, दहा आकडे मोजायचे, मोठ्यांनी 'चल' म्हटलं की मगच उतरायचं. एकदाही सूट द्यायची नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा पाणी कोमट आहे ना ते बघा. एवढ्या लहानांना ३० ते ३२ अंश लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत उघड्या पूलचं पाणी त्याच्या जवळपासही नसतं. वेळ वीस मिनिटं, फार तर तीस. हनुवटी थरथरली किंवा ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर. रडणाऱ्या मुलाला 'सवय होते हो' म्हणत पुन्हापुन्हा बुडवत असतील तर पोरीला उचला आणि घरी या. अशा बुडवण्यात लहान मूल पाणी गिळत राहतं. फार गिळलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात.

मुलगा पाच वर्षांचा. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून फळी धरून पाय मारायला लावतात. महिना झाला, फळी काढली की बुडतो. चुकतंय कुठे? – एक वडील, ठाणे

क्रम चुकतोय. फळी धरून पाय मारणं ही शर्यतीच्या पोहण्याची पहिली पायरी आहे. अचानक पाण्यात पडलेल्या पोराजवळ फळी नसते. त्याला वर यायचंय, श्वास घ्यायचाय, वळायचंय, काठ गाठायचाय आणि वर चढायचंय. हात-पाय मारण्याची शैली त्यानंतरची.

सुरुवात घरच्या मोरीत करा. कोमट पाण्याचा तांब्या, 'एक, दोन, तीन, पाणी' असं म्हणून डोक्यावर ओतायचा. नाक चिमटीत धरू द्यायचं नाही, कारण पडताना हात मोकळे लागतात. त्याऐवजी तोंड मिटून नाकातून 'हम्म' असा आवाज काढायला शिकवा. हवा बाहेर येत असली की नाकात पाणी जात नाही. मुलांना हे कळलं की निम्मी भीती तिथेच गळते.

मग उताणं तरंगणं. यात घाई करू नका, सगळा डोलारा यावरच उभा आहे. तुम्ही छातीभर पाण्यात, पोराचं डोकं तुमच्या खांद्यावर, त्याचा गाल तुमच्या गालाला, तुमचा एक तळवा त्याच्या पाठीच्या वरच्या भागाखाली. कान पाण्यात बुडलेच पाहिजेत. इथेच बहुतेक मुलं अडतात. कानात पाणी गेलं की मान उचलतात, मान उचलली की कंबर खाली जाते आणि पोर खुर्चीत बसल्यासारखं होऊन बुडू लागतं. 'मान खाली' म्हणून ओरडल्याने उलट ते आणखी आखडतं. 'पोट आभाळाला लाव' म्हणा, मान आपोआप मागे जाते. छाती भरून श्वास घ्यायचा, थोडा धरायचा, लहानसा सोडायचा आणि लगेच पुन्हा भरायचा. फुप्फुसात हवा असेल तर अंग वर राहतं. तळवा आधी पूर्ण, मग दोन बोटं, मग काहीच नाही. आधी पाच आकडे, मग दहा, मग तीस. सडपातळ मुलांचे पाय खाली लोंबतात, अंग तिरकं राहतं. लोंबू द्या. नाक-तोंड पाण्याबाहेर आहे ना, मग झालं.

तिसरी गोष्ट, पालथ्याचं उताणं होणं. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पालथं असताना मान वर उचलून श्वास घेणं त्याला दोन-चार वेळांपलीकडे जमत नाही, दम संपतो. म्हणून श्वास हवा असेल तर कूस बदलायची. आधी डोकं फिरवायचं, मग खांदा, कंबर मागून येते. जमिनीवर चटईवर लोळवून हे आधी करून घ्या.

यानंतर काठ. पूलवर जाल तिथे आई-बाबा पाण्यात उभे राहून हात पसरून 'ये, मार उडी!' म्हणताना दिसतील. पोरगं काय शिकतं? पाण्यात उडी मारली की समोर झेलायला कुणीतरी असतंच. आम्हाला ही सवय मुळीच पसंत नाही. तुम्ही समोर न थांबता बाजूला थांबा. पोर काठावर बसलेलं, पाय पाण्यात. ते सरकून पाण्यात पडेल, वर येईल, आणि ज्या काठावरून पडलं त्याच काठाकडे वळून तो धरेल. पहिले काही दिवस कंबर धरून वळवावं लागतं. पाठीमागे वळायचं हे मुलांना आपणहून सुचत नाही, ती समोरच पाय मारत सुटतात आणि काठापासून दूर जातात. काठ हाती आला की खेकड्यासारखं हात सरकवत बाजूला चालायचं आणि वर चढायचं: एक कोपर, दुसरं कोपर, पोट, गुडघा. शिडीने चढायची सवय लावू नका. शेततळ्याला शिडी नसते.

एवढं आलं की कपड्यांत करून घ्या. शाळेचा गणवेश, मग फुल पँट. ओल्या कपड्यांचं वजन आणि पायाला चिकटणारी पँट पहिल्यांदा खऱ्या संकटात कळू नये. गॉगल काढून ठेवा, डोळ्यांत पाणी गेलं की मुलं गोंधळतात.

शेवटची चाचणी अमेरिकन रेड क्रॉसची आहे, आणि साधी आहे. डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलात उतरणं, वर येऊन एक मिनिट तरंगणं, गोल फिरून बाहेरची वाट शोधणं, सुमारे २५ मीटर जाणं, शिडीविना बाहेर येणं. हे सलग जमलं की फळी द्या आणि फ्रीस्टाइल शिकवा. पावसाळ्यात दोन-तीन महिने खंड पडला तर पुन्हा उताण्यापासून सुरुवात करा, लहान मुलं विसरतात.

आमच्या वेळी पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे. आठ दिवसांत सगळे पोहायचे. आता नातवाला तसंच शिकवावं म्हणतो. सूनबाई नको म्हणते. – एक आजोबा, सातारा जिल्हा

सूनबाईंचं निम्मं बरोबर आहे, तुमचंही निम्मं. त्या शिकवण्यात दोन चांगल्या गोष्टी होत्या. काठावर आणि पाण्यात पाच-दहा पोहणारे असायचे, आणि शिकवणारा रोज तोच असायचा. ढकलणं मात्र सोडा. अचानक ढकललेल्या पोराचा पहिला श्वास आत ओढला जातो, आणि तोंड नेमकं तेव्हा पाण्याखाली असतं. आठ दिवसांत शिकलेले आठवतात. त्याच विहिरीला घाबरून जन्मभर पाण्यात न उतरलेले कुणी मोजत नाही.

डब्याचा दोष वेगळा. पाठीला बांधलेला डबा पाठ वर उचलतो, म्हणजे तोंड खाली. पोर पालथं राहायला शिकतं, उताणं नाही. डबा काढला की आधार गेला आणि श्वासाची युक्तीही नाही.

विहीर हीच जागा असेल तर काखेखालून छातीला दोर बांधा, गाठ न सरकणारी हवी, सरकफास नको. दोराचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात. शिकवणारा पाण्यात, पोराच्या शेजारी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि पायऱ्या वर राहतात, तेव्हा बाहेर यायची वाट आधी बघून ठेवा. आणि उतरण्याआधी मोटरचा स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात घाला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कुणीतरी शेताला पाणी द्यायला येतो आणि चालू करतो. खराब केबलने पाण्यात करंट उतरतो आणि पोहणारा माणूसही तिथल्या तिथे गळपटतो.

डाळिंबासाठी शेततळं केलंय. पोरं लहान आहेत. पोहायला शिकवलं की चिंता मिटेल ना? – एक शेतकरी, सांगोला

नाही मिटत. शेततळ्यात चांगले पोहणारेही बुडतात, आणि कारण पाण्याची खोली नाही, तळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद आहे. ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचा तिरका उतार, त्यावर बुळबुळीत शेवाळ. काठापर्यंत आलेला माणूस हात टेकवतो आणि परत घसरतो. पाच-सहा वेळा असं झालं की दम संपतो. त्याला वाचवायला उडी टाकलेलाही बाहेर येऊ शकत नाही. एकाच शेततळ्यात बापलेक किंवा दोघे भाऊ गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे.

तेव्हा आधी बाहेर यायची सोय. चारही बाजूंना जाड नायलॉन दोर सोडा, वरचं टोक बांधावर गाडलेल्या लोखंडी अँगलला, खालचं तळापर्यंत. पाणी आटलं तरी हाताला लागला पाहिजे. दर फुटाला मोठी गाठ मारा, गाठीवर हात आणि पाय दोन्ही अडकतात. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तर शिडीच होते, पोरांना ते दोरापेक्षा सोपं जातं. उन्हाने नायलॉन कुजतो, दरवर्षी ओढून बघा आणि बदला.

मग कुंपण. चार फूट उंच, पोराचं डोकं जाणार नाही इतकी बारीक जाळी, आणि आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला नकोत, नाहीतर पोरं शिडी समजून चढतात. फाटक आपोआप मिटणारं, कडी वरच्या बाजूला. जुन्या साड्यांचं कुंपण रानडुकराला थोपवेल, तीन वर्षांच्या पोराला नाही. बुडणाऱ्याकडे फेकायला कुंपणाला आतून एक पाच लिटरचा कॅन टांगून ठेवा, आत तांब्याभर पाणी, झाकण घट्ट, मुठीला दहा मीटर दोर बांधलेला.

एवढं करून झालं की पोरांना शिकवा, आणि दोराला धरून वर यायचा सराव त्याच शेततळ्यात तुम्ही स्वतः बरोबर राहून करून घ्या.

गावात पूल नाही, खाडी आणि ओढे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस मुलं. शाळेत काय शिकवता येईल? – एक शिक्षिका, गुहागर तालुका

पाण्याशिवाय बरंच शिकवता येतं. बांगलादेशात लहान मुलांच्या बुडण्यावर मोठं काम झालं. तिथल्या 'स्विमसेफ' कार्यक्रमात गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून मुलांना शिकवतात, आणि पोहण्याबरोबर काठावरून दुसऱ्याला वाचवणंही शिकवतात. ते दुसरं तुम्ही उद्यापासून मैदानावर करू शकता.

आपल्याकडे एक पोर बुडतं, त्याला धरायला दुसरं उतरतं, मग तिसरं. बुडणारा समोर येईल त्याच्या खांद्यावर चढतो, तो ते मुद्दाम करत नाही, आवरतच नाही त्याला. म्हणून मुलांना पाठ करून घ्या: हाक मार, काठी दे, कॅन फेक, उतरू नकोस. काठी देताना पालथं झोपून द्यायची, उभं राहून दिली तर देणाराच ओढला जातो. साडी, ओढणी, बांबू, काहीही चालतं.

फेकीची स्पर्धा घ्या. पाच लिटरच्या कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवा, अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो. आठ मीटरवर एक मूल बसवायचं, कॅन त्याच्या अंगावर नाही तर डोक्यापलीकडे टाकायचा, म्हणजे दोर त्याच्या हातावर येतो. दोराचं टोक पायाखाली दाबायला विसरतात आणि दोरासकट कॅन जातो. हे प्रत्येक वर्गात दोन-तीन वेळा होणारच, हसू द्या. एकदा झालं की पुन्हा विसरत नाहीत.

बुडणारं मूल ओरडत नाही, हेही सांगा. तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच सवड नसते तर हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावत नाही, दोन्ही हात बाजूला पाण्यावर दाबत राहतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतंय. हे सगळं मिनिटभरात आटोपतं.

समुद्राबद्दल एकच. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर पाणी नाही. आणि दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधली पट्टी शांत दिसली तर ती उतरायची जागा नव्हे, तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. त्यात सापडलंच तर काठाकडे झुंजायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करायचा, आणि ओढ सैल पडली की किनाऱ्याला समांतर सरकायचं.

बुडालेल्या मुलाच्या पोटातलं पाणी कसं काढायचं? – अनेक वाचक

काढायचं नाही. उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं, पोट दाबणं, हे सगळं बंद करा. पोट दाबलं की पोटातलं अन्न घशात येतं आणि श्वासनलिकेत जातं. मुलाला पाणी नव्हे, हवा हवी असते.

कडक जमिनीवर उताणं झोपवा, कपाळ मागे, हनुवटी वर. श्वास चालत नसेल किंवा अधूनमधून आचका दिल्यासारखा असेल तर नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. छाती उचललेली दिसेल इतकाच. काही प्रशिक्षणांत दोन शिकवतात, तसं शिकला असाल तर दोन. मग छातीच्या मधोमध दाबायला लागा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दुसरा कुणी असेल तर त्याने लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करावा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून चालू ठेवा. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा उताणं.

थोडक्यात

*अमेरिकेहून नातवंडं येणार आहेत. तिकडे पूलमध्ये छान पोहतात. मळ्यातल्या विहिरीत सोडावं का? (कोल्हापूर)* एकदम नाही. पूलमध्ये तळ दिसतो, दर काही मीटरवर काठ असतो. विहिरीत दोन्ही नसतं आणि पूलमध्ये पटाईत असलेली मुलंही तिथे बिथरतात. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून पायरीपाशी. जॅकेटचे खांदे धरून वर ओढा, ते कानांपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे.

*हवेच्या बाहीपट्ट्या आणि रिंग चालतील का? (नाशिक)* ती खेळणी आहेत. पोराला उभं ठेवतात, आणि उभं राहायची सवय लागलेलं पोर पट्टी निसटली की सरळ खाली जातं. घ्यायचंच असेल तर पोशाख घ्या, भगवा नाहीतर भडक गुलाबी. निळा आणि पांढरा पाण्यात दिसत नाही.

*दहा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर पाण्याखाली कोण जास्त टिकतो याची पैज लावतो. (नागपूर)* ताबडतोब थांबवा. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घ्यावासा वाटणंच लांबतं. ऑक्सिजन मात्र संपत असतो. मूल काही न जाणवता बेशुद्ध पडतं, तळाशी.

*व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की पूलमधून आल्यावर तीन दिवसांनी मूल 'कोरडं बुडतं'. (पुणे)* असा आजार नाही. पाण्यात गटांगळी खाल्लेल्या मुलाला त्रास व्हायचा तो काही तासांत दिसू लागतो. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, पोर पेंगुळलं किंवा उलट्या करू लागलं तर त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा.

*मुलाला फिट येतात, पोहायला घालू का? (सोलापूर)* डॉक्टरांची परवानगी असेल तर हो, पण त्याच्यासाठी पाण्यात वेगळा एक माणूस हवा, ज्याच्याकडे दुसरं मूल नाही. घरी टबात बसवू नका, अंघोळ बसून तांब्याने. बादली भरलेली ठेवून उठू नका. हे फिट न येणाऱ्या घरांनाही लागू आहे, रांगणारं पोर वाकून बादलीत डोकावलं की डोक्याच्या भाराने आत जातं, आणि वितभर पाणीही त्याला पुरतं.